ओमानचे डोंगर, वाळू आणि डॅशबोर्डवरची घसरगुंडी

मस्कतला राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाहून आईबाबा आले की पहिले काही दिवस मत्रा सूक, ग्रँड मॉस्क आणि कॉर्निश यात जातात, मग बाबा लोक कंटाळतात आणि विचारायला लागतात की इथे अजून काय आहे. आमच्या बाबांचा प्रश्न वेगळा होता. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, पाटण डेपो, त्यातली कितीतरी वर्षं कुंभार्ली घाटात चिपळूण-कराड करण्यात गेलेली. म्हणाले, "इथले घाट दाखव." म्हटलं चला, ईदची सुट्टी नुकतीच संपली होती, एप्रिल सुरू झाला होता म्हणजे जबल अख्दरच्या डोंगरावर गुलाबांचा सीझन, अजून उन्हाने भाजायला सुरुवात झाली नव्हती. मित्राचं कुटुंबही तयार झालं. आमची फॉर्च्युनर, त्यांची पॅलिसेड, दोन्ही फोर बाय फोर, आणि माझी आठ वर्षांची लेक, जिला गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डवर लागणारा प्रत्येक दिवा कशाचा हे विचारायची सवय आहे.

बुधवार, मस्कत ते वहिबा

शर्किया एक्स्प्रेस वे एकदम मख्खन, त्यामुळे बिदियापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. आईने पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, ती इब्राच्या आसपास एका पंपावर उभ्या उभ्या संपली, वर केरळी हॉटेलातला करक चहा. बाबांनी पहिल्या घोटाला "साखर जास्त आहे" म्हणून नाक मुरडलं आणि दुसरा कप मागवला.

वाळवंटाचं सरकारी नाव आता शर्किया सँड्स, पण सगळे वहिबाच म्हणतात. बिदियाला वाळू सुरू व्हायच्या आधी टायरवाल्यांची दुकानं आहेत, तिथे हवा कमी करून घ्यायची. पस्तीसच्या आसपास असलेली हवा सोळा-अठरा पीएसआयवर. हवा कमी झाली की टायर पसरतो, वाळूवर टेकणारा भाग वाढतो आणि गाडी रुतत नाही. दुकानातला बांगलादेशी पोरगा चारी चाकांशी एकामागून एक बसून फुस्स करत होता आणि बाबा त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून, चेहऱ्यावर भाव असा की जन्मभर हवा भरून घेतली आणि आता ही काढायची पाळी.

गाडी सुरू केली तर पिवळा दिवा, खाली चपटा झालेला टायर आणि मध्ये उद्गारचिन्ह. हवा कमी असल्याचा. आपणच काढलीय त्यामुळे तो वाळवंटभर पेटलेला राहणार, घाबरायचं काही नाही. पण पुढे गाइडने व्हीएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी सिस्टिम, बंद करायला सांगितलं (बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं), तेव्हा मागे नागमोडी रेघा सोडणारी गाडी आणि ऑफ अशी अजून एक पिवळी खूण आली. आईने मागच्या सीटवरून हळूच विचारलं, "गाडीला काही झालंय का रे?" नाही गं, म्हटलं, उलट बरोबर चाललंय. सिस्टिमचं काम असं की चाक नुसतं फिरायला लागलं की ती इंजिनची ताकद कमी करते आणि त्या चाकाला ब्रेक लावते, डांबरावर हे जीव वाचवतं, पण वाळूत चढताना नेमका वेग हवा असतो आणि हिने ताकद काढून घेतली की गाडी जागीच बसते. मित्राच्या पॅलिसेडमध्ये हेच काम गोल बटण सँडवर फिरवून होतं. त्याच बटणावर स्नो पण आहे, बर्फाच्या फुलाची खूण. लेक म्हणाली ओमानमध्ये बर्फ कशाला? गंमत म्हणजे जबल शम्सवर थंडीत कधीकधी खरंच पडतो, पण आम्ही जाणार होतो त्या दिवसांत नाही.

आमचा गाइड बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीतला होता, जुनी लँडक्रूझर, पायात सपाता. त्याच्या डॅशबोर्डवर पेटलेलं काही दिसलंच नाही, अर्धे दिवे बहुतेक मेलेले असावेत. टेकडीच्या टोकाला गाडी थांबली आणि पुढे बॉनेटशिवाय काही दिसेना, आईने डोळे मिटून घेतले. त्याने हातानेच दाखवलं, सरळ. नाक सरळ खाली, आडवी घ्यायची नाही, ब्रेकला पाय लावायचा नाही. आडवी घेतली तर उलटते आणि जोरात ब्रेक मारला तर पुढच्या चाकांपुढे वाळूचा ढीग जमतो. एल फोर (चारी चाकांना जोर देणारा लो रेंज गिअर) टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडली, गाडी सावकाश वाळूबरोबर खाली आली, चाकांखाली वाळू घूंऽऽ करत होती. खाली आल्यावर बाबा फक्त एवढंच बोलले, "जो गिअर चढायला तोच उतरायला." हे वाक्य पुढचा सगळा प्रवास आमच्याबरोबर होतं.

रात्री कॅम्पवर भात, मिश्काक (शिगेवर भाजलेलं मटण), ताक, नंतर कहवा आणि खजूर. दिवसा अडतीसच्या घरात गेलेलं तापमान रात्री इतकं उतरलं की शाली काढाव्या लागल्या, त्या आणल्या नसतील तर पंचाईत होते.

गुरुवार, सिनाव आणि निझवा

सकाळी बिदियाला हवा परत भरली (हे विसरून हायवेला लागू नका, कमी हवेच्या टायरने शंभरने जाणं म्हणजे टायर फुटायला आमंत्रण) आणि सिनावमार्गे निझवा धरलं. सिनावचा बाजार गुरुवारचा असतो हे आधीच माहीत असल्याने दिवस तसा जमवला होता. उंटं, बकऱ्या, वैरण, चांदी, सुकी मच्छी, सगळं एका अंगणात. बुरख्याचा टोकदार मुखवटा घातलेल्या बदू बायका स्वतः सौदा करत होत्या, आईने एकीकडून सुकं लिंबू घेतलं आणि दोघींनी एकमेकींची भाषा येत नसताना पाच मिनिटं घासाघीस केली. कोण जिंकलं ते मला कळलं नाही, दोघीही खूश होत्या.

संध्याकाळी निझवाच्या हॉटेलात लेकीने विषय काढला. तिला हिल डिसेंटचं, म्हणजे उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणाऱ्या सिस्टिमचं बटण सापडलं होतं, उतारावरची गाडी, खाली जाणारा बाण. तिने त्याचं नाव घसरगुंडी ठेवलं आणि तेच पुढे सगळ्यांनी वापरलं. बायकोने मोबाइलवर दोन्ही गाड्यांची मॅन्युअलं उघडली आणि वाचायला लागली, बाबा चष्मा लावून ऐकत होते, मित्र हलवा खात होता.

या खुणांसाठी आयएसओ 2575 नावाचं जागतिक स्टँडर्ड आहे त्यामुळे कुठल्याही कंपनीची गाडी घ्या, चित्रं साधारण ओळखीची वाटतात. रंगही ठरलेले, लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लक्ष दे किंवा काहीतरी बंद आहे, हिरवा म्हणजे चालू आहे, निळा फक्त हाय बीमला. इथवर सोपं. खरा घोळ पुढे. पॅलिसेडमध्ये घसरगुंडी हिरवी आणि स्थिर म्हणजे तयार आहे, पण अजून काही करत नाहीये. हिरवी लुकलुकायला लागली म्हणजे आता ब्रेक लावतेय. पिवळी झाली म्हणजे बिघाड. फॉर्च्युनरमध्ये उलटं, घसरगुंडी लुकलुकतेय म्हणजे बटण दाबलंय पण ती काम करू शकत नाहीये, वेग जास्त आहे किंवा गिअर चुकीचा आहे किंवा ब्रेक फार तापलेत. ती खरोखर काम करत असते तेव्हा लुकलुकते ती वेगळीच खूण, नागमोडी रेघांवाली घसरणारी गाडी. आणि त्याच फॉर्च्युनरमध्ये एल फोर टाकताना फोर व्हीलचा दिवा लुकलुकतो, त्याचा अर्थ फक्त गिअर बदलतोय, थांब जरा. म्हणजे एकाच लुकलुकण्याचे तीन अर्थ!

मित्र म्हणाला, "म्हणजे तुझी गाडी नाही म्हणते तेव्हा माझी हो म्हणते." वहिनी म्हणाल्या, "घरी पण असंच चालतं."

भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी तर हे आदल्या रात्री वाचावंच, उताराच्या टोकावर उभं राहून मॅन्युअल उघडायची वेळ नको. आणि भाड्याच्या गाडीच्या करारात ऑफरोड चालतं का तेही बघा, पुष्कळ करारांत कच्च्या रस्त्याचं नुकसान विम्यात धरत नाहीत.

शुक्रवार, बकऱ्या आणि जबल अख्दर

निझवाचा बकऱ्यांचा बाजार शुक्रवारी सकाळी, उजाडल्या उजाडल्या जा, नऊनंतर गेलात तर फक्त लेंड्या दिसतील. मध्ये गोल ओटा, त्याभोवती वाट, विकणारे दोरीला धरून बकऱ्या पळवत फिरतात, घेणारे दोन्ही बाजूंनी बसलेले आणि उभे, मध्येच एखादा हात लांब करून बकरी थांबवतो, दात बघतो, पाठ चाचपतो, नाक उडवतो आणि सोडून देतो. बाबा तिथे इतके रमले की त्यांना अक्षरशः ओढून आणावं लागलं. एका म्हाताऱ्या ओमानीने त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं आणि दोघं खुणांनी बकरीच्या किमतीवर मतं देत होते. किल्ला जवळच आहे, सतराव्या शतकातला, तो भला मोठा गोल बुरूज बघाच. आणि हलवा घ्याच, केशर-वेलदोड्याचा.

दुपारी बिरकत अल मौझ. इथून जबल अख्दरचा रस्ता सुरू होतो आणि पायथ्यालाच पोलिसांची चौकी आहे. फोर बाय फोर नसेल तर वर सोडत नाहीत, लायसन्स आणि मुल्किया (गाडीचं आरसी) बघतात. आमच्या पोलिसाने दोन्ही गाड्यांच्या मुल्किया बघितल्या, बाबांकडे बघून सलाम केला आणि हाताने खाली-खाली अशी खूण केली, उतरताना लो गिअर. रस्ता अख्खा डांबरी, रुंद, दुपदरी, मग फोर बाय फोर कशाला असं वाटतं, पण साधारण छत्तीस किलोमीटरमध्ये दोन हजार मीटरवरच्या सैक पठारापर्यंत चढतो, आणि खरी गोष्ट चढण्याची नाहीच, उतरण्याची आहे. बाबा म्हणाले आपल्याकडे पण घाटाखाली अशी चौकी हवी होती, निम्मी ट्रकं खालीच राहिली असती.

चढताना एका वळणावर लेकीला उलटी होतेय असं वाटलं म्हणून चढावरच बाजूला थांबलो. निघताना ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मागे सरकली नाही, हे हिल स्टार्ट असिस्ट, दोनेक सेकंद ब्रेकचं प्रेशर धरून ठेवतं तोवर ॲक्सिलरेटर द्यायचा. दोनच सेकंद बरं का, त्यात फोन शोधत बसलात तर गाडी मागे जाणारच. बाबांना वाटत होतं हे सगळं कालपरवाचं, म्हणून सांगितलं की अमेरिकेत स्टुडबेकर गाड्यांना 1936 मध्ये हिल होल्डर यायचा. "आम्हाला 1980 ला पण हँडब्रेकच होता," बाबा म्हणाले, आणि भरलेली गाडी कुंभार्लीत चढावर हँडब्रेकवर कशी उचलायची, क्लच कुठपर्यंत सोडायचा, हे पायांनी खालच्या मॅटवर करून दाखवलं. बूट दोनदा दाबला, एकदा हळूच उचलला, डावा हात हवेत हँडब्रेक सोडतोय. माझी बायको हे व्हिडिओ काढायचा राहिला म्हणून अजून हळहळते.

वर हवा एकदम वेगळी. मस्कतला पस्तीसच्या वर आणि इथे स्वेटर. डायना पॉइंटवरून दरीतल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांचा देखावा दिसतो, प्रिन्सेस डायना 1986 मध्ये इथे आल्या होत्या म्हणून ते नाव. आता तिथे मोठं रिसॉर्ट आहे, आमचा मुक्काम अर्थात साध्या गेस्टहाऊसवर.

शनिवार, गुलाबपाणी, मग दोन उतार

पहाटे अल अक्र आणि शुरैजाच्या बाजूला चालत गेलो. गुलाब मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत, आणि खुडायचे भल्या पहाटे, उन्हं चढायच्या आत. एका घरात मातीच्या भट्ट्यांत गुलाबपाणी गाळत होते. मडक्यात पाकळ्या आणि पाणी, वर तांब्याचं भांडं, त्याच्यावर गार पाणी, वाफ वर जाऊन आतल्या भांड्यात थेंब थेंब गोळा होते. जबल अख्दरच्या गुलाबपाण्याला धुराचा वास असतो, काहींना आवडत नाही, मला तोच आवडला. घरच्या आजोबांनी आईच्या ओंजळीत थोडं ओतलं, आईने ते तोंडाला लावलं, पदराला लावलं आणि राहिलेलं नातीच्या केसांना. दोन बाटल्या घेतल्या, खरेतर चार घ्यायला हव्या होत्या.

मग उतरायला लागलो. मित्र पुढे, आम्ही मागे, आणि मला कळेना की ह्याचे ब्रेक लाइट सतत का पेटलेत. वळणावर, सरळीवर, कायम लाल. त्याने घसरगुंडी लावली होती! डांबरावर, पंचवीसच्या स्पीडने, मागे गाड्यांची रांग. ही सिस्टिम ब्रेक पेडलला हात न लावता एबीएसच्या पंपाने एकेका चाकाला आलटून पालटून ब्रेक लावते, म्हणून मागचे लाल दिवेही लागतात. म्हणजे काम ब्रेकचंच, उष्णता ब्रेकचीच. छत्तीस किलोमीटरचा उतार ब्रेकवर काढायचा नसतो, पॅड तापले की पकड कमी होत जाते. मोकळ्या जागेत थांबलो, बाबा स्वतः उतरून मित्राच्या चाकांजवळ गेले, वाकून वास घेतला. "अजून जळलं नाही," म्हणाले, "पण आता गिअरवर उतरव." त्याने पॅडल शिफ्टने दुसरा-तिसरा धरला, आम्ही पण एस मोडमध्ये तसंच, इंजिनच गाडी धरून ठेवत होतं आणि ब्रेक फक्त वळणाला टिचकी मारण्यापुरता. रस्त्यावर ठिकठिकाणी एस्केप रॅम्प आहेत, खडीच्या चढ्या वाटा, ब्रेक गेलेल्या गाडीने त्यात घुसायचं. एकीच्या तोंडाशी कोणाची तरी गाडी उभी, चाकांतून धूर, माणसं बाहेर दगडांवर बसलेली. पाण्याच्या बाटल्या देऊन पुढे निघालो. त्यांनी चाकांवर पाणी ओतायला घेतलं तर बाबांनी काच खाली करून मराठीत ओरडून थांबवलं, तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं तर ती वाकडी होते. मराठी त्यांना कसं कळलं देव जाणे, पण थांबले.

मग हे घसरगुंडी प्रकरण कशासाठी, ते दुपारी कळलं. अल हमरावरून शरफत अल अलमैनच्या माथ्यावर गेलो, तिथून पलीकडे वादी बनी औफमध्ये (वादी म्हणजे एरवी कोरडं असणारं नदीचं पात्र) उतरणारी वाट. आम्ही गेलो तेव्हा उतार कच्चाच होता, सुटी खडी, एकाला एक लागून वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. इथे ब्रेक मारला तर चाक लॉक होऊन खडीवर सरकणार, नुसत्या गिअरवर सोडली तर तीव्र तुकड्यांत वेग वाढणार. थांबलो, न्यूट्रल, एल फोर, फोर व्हीलचा दिवा लुकलुकून स्थिर झाला. गाडी पुढे काढून घसरगुंडी दाबली तर ती लुकलुकायला लागली. मित्र खिडकीतून, "लागली!" बायको मागून, "नाही लागली, मॅन्युअल सांगतं वेग कमी कर." वेग कमी केला, खूण स्थिर, आणि पहिल्या तीव्र उताराला नागमोडी रेघा लुकलुकल्या, पायाखाली ग्रर्र-ग्रर्र आवाज आणि पेडलला थरथर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाडीचं काही तुटलं असं वाटतं. पाय दोन्ही जमिनीवर, फक्त स्टिअरिंग सांभाळायचं.

बाबा पूर्ण उतार त्या दिव्याकडे बघत होते. त्यांना सांगितलं की लँड रोव्हरने 1997 मध्ये फ्रीलँडरला ही गोष्ट पहिल्यांदा दिली ती मुळात त्या गाडीला लो रेंज गिअरच नव्हता म्हणून. हे ऐकून ते जरा सुखावले. "म्हणजे गिअरची बदली ड्युटी." मग विचारलं, "हे वाटेत बिघडलं तर?"

"पिवळा दिवा लागतो."

"आणि मग?"

"मग तुमचा पहिला गिअर, बाबा."

मध्ये एक पिकअप वर येत होता, मागे बकऱ्या आणि पाण्याची टाकी. बाबा लगेच, "थांब, चढणाऱ्याला वाट." कड्याच्या बाजूला अंग चोरून उभे राहिलो, पिकअपवाला जाताना दोन खजूर खिडकीतून लेकीच्या हातात देऊन गेला. बलद सैत गाव खाली दिसतं, खजुराची झाडं, हिरवे चौकोन, मातीच्या रंगाची घरं एकमेकांवर रचलेली. अर्धा तास तिथे, पोरांनी पाण्याच्या पाटात पाय घातले.

अवाबीच्या बाजूला डांबर लागलं तेव्हा अंधार पडायला आला होता. तिथल्या कॉफीशॉपमध्ये परोठे आणि ऑमलेट, मग सरळ मस्कत.

जाणाऱ्यांसाठी. बनी औफमध्ये पावसाचा किंवा नुसत्या ढगांचा अंदाज असला तरी जाऊ नका, वादीत पाणी वरच्या डोंगरातल्या पावसाने येतं, तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही. एकट्या गाडीने नको, नेटवर्क मधेमधे जातं. वरून खाली उतरण्यापेक्षा रुस्ताकच्या बाजूने चढत जाणं नवशिक्याला सोपं, तीच वाट पण ब्रेकवर ताण कमी. पेट्रोल अल हमरालाच भरून घ्या, पुढे वाटेत पंप नाही. घरी आल्यावर ब्रेक पॅड तपासून घ्या, खडीचे बारीक तुकडे डिस्क आणि पत्र्याच्या मध्ये अडकतात आणि दोन दिवस किर्र किर्र करतात, मित्राच्या गाडीतून तसाच एक निघाला. आणि गुलाबपाणी बॅगेत टाकताना झाकणाला टेप लावा, आमची एक बाटली आईच्या साड्यांवर सांडली.